लाईट गेली की सम्पचं पाणी फरशीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी चार फुटी माशांची टाकी तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, हॉलच्या भिंतीला लागून आहे. सम्प, म्हणजे वरून येणारं पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी, खालच्या कपाटात. टाकी सुरू केली त्याच आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. सकाळी उठलो तर सोफ्याचे पाय ओले, कपाटाचं प्लाय फुगलेलं आणि चपलेखाली चपचप आवाज. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या काकू मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या आणि छतावर उमटलेला ओलीचा डाग दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण तो डाग मी अजून विसरलेलो नाही. काच फुटली नव्हती, जोड गळत नव्हता, पंपही नवा होता. फक्त बेरीज करायची राहिली होती. ती बेरीज आणि तिच्या आजूबाजूचे, मित्र नेहमी विचारतात ते प्रश्न इथे लिहिले आहेत.

लाईट गेल्यावर पंप बंद होतो. मग सम्पमधलं पाणी वाढतं कसं?

पंप बंद होतो म्हणूनच वाढतं. चालू असताना वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून ते सम्पकडे सांडतं त्या काठाच्या, दात्यांवरून थोडं उंच वाहत असतं. पंप थांबला की दात्यांच्या वर असलेला तो थर खाली उतरतो. हा पहिला भाग, आणि तो अटळ आहे.

दुसरा भाग फसवा. रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या, पाइपचं तोंड (नॉझल) पाण्याखाली असतं. पंप थांबला की त्याच पाइपमधून पाणी उलट्या दिशेने, सायफनने, पंपातून सम्पमध्ये यायला लागतं. वरच्या पाण्याची पातळी पाइपच्या तोंडापर्यंत येऊन आत हवा शिरेपर्यंत हे थांबत नाही. तोंड जितकं खोल, तितकं जास्त पाणी खाली. मी नॉझल दहा सेंटीमीटर खोल ठेवलं होतं, कारण तळाशी प्रवाह हवा होता.

तिसरा भाग म्हणजे ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (दात्यांपलीकडच्या खोक्यात) साचलेलं आणि पाइपांमध्ये उभं असलेलं पाणी. हा भाग छोटा वाटतो, पण मोजायचाच.

किती पाणी खाली येईल, हे आधी कसं काढायचं?

टेप आणि कागद घ्या. सगळी मापं सेंटीमीटरमध्ये घ्या, म्हणजे लिटर काढणं सोपं जातं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १,०००.

माझ्याच टाकीचं उदाहरण घेऊ. लांबी १२०, रुंदी ४५. म्हणजे पाण्याचा एक सेंटीमीटरचा थर ५.४ लिटरचा. हा आकडा आपल्या टाकीसाठी एकदा काढून सम्पच्या कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा, सारखा लागतो.

पंप चालू असताना दात्यांवर पाणी दीड सेंटीमीटर उंच असतं. नॉझल पाण्याखाली दोन सेंटीमीटर असेल, तर पातळी एकूण दोन सेंटीमीटरच उतरेल. हे दोन आकडे एकमेकांत मिळवायचे नाहीत. त्यातला मोठा धरायचा. दोन गुणिले ५.४, म्हणजे १०.८ लिटर. नॉझल दहा सेंटीमीटर खोल असेल तर ५४ लिटर.

आता ओव्हरफ्लो बॉक्स. माझा आतून २० बाय १५ सेंटीमीटरचा आहे आणि निचऱ्याच्या पाइपचं तोंड बॉक्समधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा २५ सेंटीमीटर खाली आहे. म्हणजे आणखी साडेसात लिटर. पाइपांतलं पाणी दीड लिटर धरा. २५ मिलीमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपात साधारण अर्धा लिटर मावतं.

बेरीज करा. नॉझल वर असेल तर जवळपास २० लिटर. नॉझल खोल असेल तर ६३ लिटर. टाकी तीच, पंप तोच, पाइपही तोच. फरक फक्त नॉझल कुठे आहे त्याचा.

हे पाणी सम्पमध्ये मावेल की नाही, ते कसं ठरवायचं?

सम्पची पूर्ण क्षमता इथे कामाची नाही. चालू असताना किती जागा रिकामी असते ते बघायचं.

माझा सम्प ९० बाय ३५, उंची ४०. एक सेंटीमीटरला ३.१५ लिटर. कप्पे पाडणाऱ्या मधल्या पडद्या २५ सेंटीमीटर उंचीच्या, त्यामुळे पहिल्या कप्प्यांतलं पाणी कायम तिथेच असतं. रिटर्न पंपाचा कप्पा तेवढा खाली असतो, १८ सेंटीमीटरवर. तो कप्पा २० सेंटीमीटर लांबीचा आहे, म्हणजे पडदीपर्यंत भरायला सुमारे ५ लिटर लागतील. पडदीच्या वर काठापर्यंत १५ सेंटीमीटर, म्हणजे ४७ लिटर. एकूण ५२.

६३ लिटर पाणी ५२ लिटरच्या जागेत आलं. उरलेले ११ लिटर हॉलमध्ये. फरशीवर दोन मिलीमीटरचा थर धरला तरी ११ लिटर पाणी साडेपाच चौरस मीटरवर पसरतं. माझ्या हॉलमध्ये ते सोफ्यापर्यंत का पोचलं, ते मला या हिशोबानंतर कळलं.

काठापर्यंत भरेल असा हिशोब कधीच करू नका. वरचे तीन सेंटीमीटर सोडून द्या. पाणी हलतं, टाकी अर्धा सेंटीमीटर कललेली असते, कुणीतरी सम्पमध्ये जास्तीचा मीडिया (फिल्टरचे स्पंज, खडे वगैरे) ठेवलेला असतो.

मग सम्पमध्ये पाणी भरायचं तरी किती?

पंप चालू ठेवून भरायचं, आणि रिटर्नच्या कप्प्यावर एक रेघ मारायची. मार्करने नको, ती पुसली जाते. बाहेरून इलेक्ट्रिकची टेप चिकटवा. ही रेघ म्हणजे पंप चालू असतानाची कमाल पातळी. पाणी बदलताना, बाष्पीभवनाची भरपाई करताना, या रेघेच्या वर जायचं नाही.

पंप बंद करून सम्प भरणं ही नव्या लोकांची नेहमीची चूक. बंद असताना सम्प आधीच फुगलेला असतो, तरी डोळ्यांना कमी वाटतो.

रिटर्नच्या पाइपला भोक पाडा म्हणतात. ते कुठे आणि केवढं?

सायफन तोडण्यासाठी हे भोक असतं. पाण्याची पातळी भोकापर्यंत उतरली की आत हवा जाते आणि उलटा प्रवाह थांबतो. नॉझल खाली ठेवणं गरजेचंच असेल, तर भोक लागतंच.

पंप चालू असताना पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण एक सेंटीमीटर खाली पाडा. पृष्ठभागाच्या वर पाडलं तर पिचकारी उडते आणि झाकणावर, लाईटवर क्षार साचतात. आकार पाच ते सहा मिलीमीटर. एकापेक्षा दोन बरी, कारण जाड पाइपात वेगाने पाणी उतरत असेल तर एका बारीक भोकातून येणारी हवा पाण्याबरोबर ओढली जाते आणि सायफन लगेच तुटत नाही.

आता खरी अडचण. हे भोक बुजतं. गोड्या पाण्यात शेवाळ आणि पिल्लू गोगलगायी, खाऱ्या पाण्यात गुलाबी-जांभळं चुनखडीचं आवरण. एका मित्राच्या टाकीत भोकात नेमकी एक रॅम्सहॉर्न गोगलगाय अडकली होती. शंख बरोबर सहा मिलीमीटरचा, जणू मापून बसवलेला बूच. म्हणून दर आठवड्याला काच पुसताना जुन्या टूथब्रशचे दोन फटके भोकावर मारायचे.

माझं मत विचाराल तर भोकावर विसंबण्यापेक्षा नॉझलच वर घ्या. पृष्ठभागाच्या दोन सेंटीमीटर खाली, थोडं खाली तिरकं वळवून. तळाशी प्रवाह हवा असेल तर वेगळा छोटा वेव्हमेकर (टाकीतलंच पाणी ढकलणारा पंप) लावा. नॉझलचं तोंड अख्खं उघडं असतं, ते बुजत नाही.

एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला की काळजी मिटली ना?

नाही. या प्रश्नाचं उत्तर मी प्रत्येक वेळी जोर देऊन देतो, कारण हार्डवेअरच्या दुकानात दोनशे रुपयांत मिळणारा तो तुकडा बसवून लोक निर्धास्त होतात.

एनआरव्हीमध्ये एक झडप असते. पाणी उलटं आलं की ती बसते. ती नीट बसायला तिची बैठक स्वच्छ लागते. फिल्टरच्या स्पंजचा एक धागा, एक वाळूचा कण, शेवाळाची चिकट साय, एवढं पुरतं. झडप केसभर उघडी राहते आणि पाणी थेंबाथेंबाने नाही, धारेने खाली येतं. बसवल्यावर सहा महिने ती उत्तम चालते, म्हणून तर विश्वास बसतो.

बसवायचाच असेल तर दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारे जोड) लावून बसवा, म्हणजे दर दोन महिन्यांनी काढून धुता येईल. आणि बेरीज करताना तो नाहीच असं धरा. एनआरव्ही नसतानाही सम्प पुरत असेल, तरच एनआरव्ही कामाचा.

निचऱ्याच्या पाइपला, लाईट गेली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवला तर?

निचरा कधीही बंद करायचा नाही. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आणि लाईट परत आली, तर पंप पाणी वर ढकलत राहील आणि खाली यायला वाट नसेल.

घरी इन्व्हर्टर आहे. तरी हे सगळं करायचं?

करायचं. इन्व्हर्टरमुळे पूर येण्याची वेळ पुढे ढकलली जाते. ती टळत नाही.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. नुकसान आणि बॅटरीचं वय धरून साधारण १,००० वापरता येतात असं समजा. फक्त ३० वॉटचा रिटर्न पंप असता तर दिवसभर चालला असता. पण त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय असतो. २०० वॉटचा भार झाला की पाच तासांत संपलं. पाचव्या तासाला, बहुतेक वेळा रात्रीच, इन्व्हर्टर चुपचाप बंद पडतो आणि सम्पची परीक्षा तेव्हा होते.

१२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, लोकलसुद्धा थांबल्या होत्या. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणात कित्येक गावांत दिवसचे दिवस अंधार होता. असल्या वेळी कुठलाच घरगुती इन्व्हर्टर पुरत नाही.

आणखी एक. स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात. त्यावर साधे एसी पंप गुणगुणतात, तापतात, कधीकधी सुरूच होत नाहीत. पंप इन्व्हर्टरवर टाकायचा असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या.

माझ्या टाकीची काच ओव्हरफ्लोसाठी ड्रिल केलेली (भोक पाडलेली) नाही. मागे टांगायचा, सायफनवाला ओव्हरफ्लो आहे. चालेल का?

चालतो, पण सगळ्यात जास्त जपायचा प्रकार हाच आहे. पीव्हीसी पाइप आणि एल्बो जोडून घरी केलेला ओव्हरफ्लो आपल्याकडे खूप जण वापरतात. स्वस्त पडतो आणि काच कापायची भीती नसते.

यात पाणी काचेच्या काठावरून उलट्या यू आकाराच्या नळीतून बाहेर येतं. नळी पाण्याने भरलेली आहे तोवर सगळं ठीक. लाईट गेली की प्रवाह थांबतो. चांगल्या रचनेत नळीची दोन्ही टोकं पाण्यात बुडालेली राहतात आणि सायफन टिकतो. पण नळीच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साचत जातात. प्रवाह मंद असेल तर जास्तच. लाईट परत आल्यावर सायफन सुरू झाला नाही, तर पंप सम्पमधलं पाणी वर टाकत राहतो आणि वरची टाकी काठावरून वाहते. म्हणजे इथे धोका लाईट जाताना कमी आणि येताना जास्त आहे.

यावर टिकाऊ उपाय पुन्हा बेरजेचाच. निचरा पूर्ण बंद पडला असं धरा. पंप फक्त त्याच्या कप्प्यातलं पाणी वर नेऊ शकतो, कारण बाकीचं पडद्यांच्या मागे अडलेलं असतं. माझ्या सम्पमध्ये १८ सेंटीमीटरपासून पंपाच्या तोंडापर्यंत, म्हणजे ६ सेंटीमीटरपर्यंत, ८.४ लिटर आहे. वरच्या टाकीत ते दीड सेंटीमीटरहून जरा जास्त चढेल. वरच्या पाण्यापासून काठापर्यंत माझ्याकडे चार सेंटीमीटर मोकळे आहेत. पंप कोरडा पडून आवाज करेल, कदाचित जळेलही, पण पाणी सांडणार नाही. रिटर्नचा कप्पा मोठा असावा असं अनेकांना वाटतं, कारण रोज पाणी घालावं लागत नाही. तो किती मोठा असावा, हे वरच्या टाकीतली मोकळी जागा ठरवते.

जमेल तेव्हा काच ड्रिल करून घ्या. मात्र काच टफन केलेली (तापवून कडक केलेली) असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. त्यामुळे आधी काचवाल्याकडून खात्री करून घ्या. बऱ्याच टाक्यांचा फक्त तळ टफन केलेला असतो.

लाईट आल्यावर निचऱ्यातून मोठा गुळगुळ आवाज येतो आणि वरचं पाणी चढतं. हे बरोबर आहे का?

पूर्ण सायफनवर (पाइप हवेशिवाय भरून) चालणाऱ्या, म्हणजे हर्बी किंवा बीन अ‍ॅनिमल पद्धतीच्या निचऱ्यात पहिलं एक-दोन मिनिट हे होतं. पाइपातली हवा बाहेर जाईपर्यंत तो पूर्ण क्षमतेने ओढत नाही. तेवढ्या वेळात जास्तीचं पाणी दुसऱ्या, इमर्जन्सी पाइपाने जातं. म्हणून त्या पाइपाला कधीही व्हॉल्व्ह लावायचा नाही, आणि त्यावर जाळी असेल तर ती पानांनी भरलेली नाही हे बघायचं.

मिनिटभरात आवाज थांबत नसेल, तर सम्पमधलं मुख्य पाइपचं टोक फार खोल आहे का ते पाहा. पंप चालू असताना ते दोन-तीन सेंटीमीटरच बुडालेलं असावं. लाईट गेल्यावर सम्प वाढतो आणि तेच टोक आणखी बरंच खोल जातं. मग पाइपातल्या हवेला बाहेर पडायला जोर लागतो.

ऑटो टॉप-अपचा (बाष्पीभवनाची भरपाई आपोआप करणाऱ्या पंपाचा) यात काही संबंध आहे का?

आहे, आणि सहसा तो कुणाच्या लक्षात येत नाही. टॉप-अपच्या पाण्याचा कॅन सम्पपेक्षा उंच ठेवलेला असतो आणि त्याची बारीक नळी सम्पच्या पाण्यात बुडालेली असते. एकदा पंपाने पाणी ढकललं की नळी भरते आणि पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येत राहतं. वीस लिटरचा कॅन रात्रीत रिकामा होतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्षारता घसरते ती वेगळीच. नळीचं टोक लाईट गेल्यावरच्या कमाल पातळीच्याही वर, हवेत बांधून ठेवा.

लाईट आल्याआल्या रिटर्नच्या कप्प्यातली पातळी काही क्षण रेघेखाली जाते, कारण पाणी वर जाऊन परत यायला वेळ लागतो. तेवढ्यात सेन्सर पाणी ओततो. ते पाणी मग सम्पमध्येच राहतं आणि मोकळी जागा तितकी कमी होते. टॉप-अपला पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर लावला की हा प्रश्न उरत नाही.

आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र)?

तोही उशिरा सुरू व्हायला हवा. सम्प फुगलेला असताना स्किमर सुरू झाला की कप भरून घाण पाणी बाहेर येतं. टायमर नसेल तर कपाची निचऱ्याची नळी एका झाकणाच्या डब्यात सोडून ठेवा.

लाईट गेल्यावर घरच्यांनी टाकीत पाणी कमी दिसतं म्हणून दोन बालद्या ओतल्या. आता?

हे खूप घरांत होतं आणि त्यात कुणाची चूक नाही. पंप बंद झाल्यावर वरची पातळी दात्यांपर्यंत उतरते, मागची काच उघडी पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं मासे पाण्याविना आहेत. ओतलेलं पाणी दात्यांवरून लगेच सम्पमध्ये जातं, आणि सम्प तर आधीच भरलेला असतो.

लाईट आल्यावर पंप दहा मिनिटं चालू द्या आणि टेपच्या रेघेच्या वर असलेलं पाणी मगाने काढून टाका. माझ्या टाकीच्या बाजूला आईच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "लाईट नसताना पाणी घालू नये." तिनेच लिहिली, कारण एकदा तिनेच काळजीपोटी बालदी ओतली होती.

मोठा सम्प घ्यावा की छोटा पंप?

जागा असेल तर मोठा सम्प, दोनदा विचार न करता. जागा नसेल तर पंपाचा वेग कमी करून थोडा फायदा होतो. ३० सेंटीमीटर रुंदीच्या सलग काठावरून ताशी २,००० लिटर वाहत असेल तर काठावर पाणी साधारण एक सेंटीमीटर उंच राहतं. ताशी ४,००० केलं तर दीड सेंटीमीटरच्या जरा वर. दाते असतील तर मोकळी रुंदी कमी होते आणि पाणी आणखी चढतं. काठ रुंद असेल तर तितकंच पाणी पातळ थराने वाहतं. म्हणून नवी टाकी करून घेताना ओव्हरफ्लो बॉक्स मोठा मागा.

पाणी सांडायला लागलंच आहे. पहिल्यांदा काय करू?

वरचं नॉझल पाण्याबाहेर उचला. तोंडात हवा गेली की उलटा प्रवाह त्याच क्षणी थांबतो. बालदी शोधायला धावू नका, आधी हे. लवचिक नॉझल असेल तर एका हाताने वर वळवता येतं.

फरशीवर पाणी असेल आणि एक्स्टेन्शन बोर्ड कपाटात खाली असेल, तर कशालाही हात लावण्याआधी एमसीबी खाली करा. लाईट गेलेलीच आहे असं म्हणू नका. ती केव्हाही येते, आणि इन्व्हर्टरची लाईन तर चालूच असते.

मग मगाने सम्पमधलं पाणी काढा. गोडं पाणी कुंड्यांना घाला, खारं मोरीत ओता. जुनी सुती चादर पिळून कपाटाच्या पायाशी गुंडाळून ठेवा, तेवढ्याने पाणी शेजारच्या खोलीत जात नाही.

बोर्ड आणि वायरी कशा असाव्यात?

बोर्ड कपाटाच्या तळाशी कधीच नको. बाजूच्या भिंतीला, सम्पच्या काठापेक्षा वर स्क्रूने बसवा. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली लोंबत येऊन मग वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या वळणावर टपकतं, प्लगमध्ये जात नाही. लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) हवाच. घराचं अर्थिंग खरंच चालू आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन असते, पण तिच्यामागे वायरच नसते.

पाणी सांडलं नाही, पण लाईट आठ तास नव्हती. माशांचं काय?

मासे वरच्या टाकीत असतात, म्हणून मदत वर पोचायला हवी. बॅटरीवर चालणारा एअर पंप वरच्या टाकीत लावा. उन्हाळ्यात घाई करा. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच. खायला देऊ नका. सम्पमधला मीडिया उघड्या पाण्यात असतो, त्यामुळे बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरपेक्षा तो जास्त वेळ तग धरतो. एअर पंप दोन असतील तर दुसरा सम्पमध्ये सोडा.

चाचणी कशी घ्यायची आणि किती वेळा?

टाकी नवी असताना, मासे सोडण्याआधी, दिवसा, तुम्ही समोर बसलेले असताना मेन स्विच बंद करा. पंपाचा नको, पूर्ण लाईनचा. घड्याळ लावून अर्धा तास बसा. पाणी जिथे थांबेल तिथे सम्पवर दुसरी टेप लावा. हिशोबापेक्षा पाणी जास्त आलं तर काहीतरी मोजायचं राहिलं आहे. मग स्विच चालू करून वरची टाकी दहा मिनिटं बघा.

त्यानंतर महिन्यातून एकदा. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून मी वेगळा दिवस ठेवत नाही. घरी असेन तर कपाटाचं दार उघडतो आणि पाणी दुसऱ्या टेपपाशी थांबलं का ते पाहतो. मार्चमध्ये एकदा ते टेपच्या चार सेंटीमीटर वर गेलं होतं. नॉझल साफ करताना खाली सरकलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

गणपतीला आठ दिवस गावी जातोय, घर बंद असेल. काय करून ठेवू?

निघताना मेन बंद करण्याची सवय असते, ती या वेळी नको. फ्रिजसाठी जी लाईन चालू ठेवता, त्यावर टाकी आहे ना ते बघा. आदल्या दिवशी नॉझल आणखी एक सेंटीमीटर वर घ्या, दाते आणि भोक ब्रशने घासा, आणि मेन बंद करून एक चाचणी घ्या. सम्प रेघेच्या थोडा खालीच ठेवा, मात्र आठ दिवसांचं बाष्पीभवन धरून पंप कोरडा पडणार नाही इतपत. टॉप-अपचा कॅन असा भरा की तो सगळा सम्पमध्ये रिकामा झाला तरी दुसऱ्या टेपच्या वरच्या मोकळ्या जागेत मावेल. कपाटात सम्पखाली प्लास्टिकचा ट्रे असेल तर उत्तम, आणि त्यात बॅटरीवर वाजणारा दीडशे-दोनशे रुपयांचा पाण्याचा अलार्म ठेवा. तो ऐकायला कुणीतरी लागतं. मी घराची एक किल्ली खालच्या काकूंकडे देतो, आणि नॉझल कसं उचलायचं ते त्यांना एकदा करून दाखवलं आहे.